नवरा कुठाय फोटोत?

बाळाबाईंना जळायला कारण लागायचं नाही. शेजारणीच्या कुंडीत कोथिंबीर चांगली आली तरी त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पण १९५६ साली त्या ज्या जळल्या, त्याला कारण होतं, आणि मी तर म्हणेन रास्त होतं.

त्यांचे यजमान अंबादास फोटोग्राफर. महाद्वार रोडजवळच्या एका बोळात खाली त्यांचा स्टुडिओ, वर बिऱ्हाड, आणि समोर आम्ही. अख्ख्या पेठेची लग्नं या माणसानं काचेवर उतरवली. स्वतःच्या लग्नाचा मात्र धड फोटो नाही. पावण्यांचे आहेत. राधानगरीच्या मांडवात हा मुंडावळ्या बांधलेला नवरदेव सासऱ्यांना "हनुवटी जरा वर" म्हणत कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाआड शिरला होता. एका फोटोत बाळाबाई दिसतात, मामाच्या फेट्यामागं, अर्ध्या. त्या फेट्याला त्यांनी बारा वर्षं शिव्या घातल्या.

त्या हिवाळ्यात एक जोडपं स्टुडिओत आलं. वसंत नावाचा शाळामास्तर आणि हौसा, पेठ वडगावच्या शेतकऱ्याची लेक. जात वेगळी, मुलीच्या घरचे खवळलेले. दुसऱ्या दिवशी कचेरीत नोंदणीचं लग्न होतं. त्याची नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लटकत होती, पण तो वाचायला वडगावाहून कोण येतंय? हौसा नेसत्या लुगड्यानिशी घरातून निघाली होती.

"अगं, तुझा लग्नातला शालू दे की हिला, फोटोपुरता," अंबादास म्हणाले.

पोरगी समोर उभी, नाही कसं म्हणणार? बाळाबाईंनी कोयरीच्या काठाचा तो शालू काढून दिला. पण तो नजरेआड होऊ द्यायचा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याही कचेरीत गेल्या.

परत आल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात. "आक्का, साहेबानं तिला इचारलं, मर्जीनं करताय न्हवं? आन् ती व्हय म्हणाली, सही केली! मला कुणी इचारलं व्हतं? अंतरपाट धरला आन् ढकललं फुडं!"

फोटो कचेरीच्या पायऱ्यांवर काढला. अंबादासनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला नेमका तेव्हाच मास्तर वळून हौसाकडं बघत होता. एरवी अशी काच अंबादास फेकून देत. नजर कॅमेऱ्यात नाही म्हणजे त्यांच्या लेखी फोटो नासला. आणि हाच फोटो त्यांनी मोठा करून शोकेसमध्ये लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

मग काय विचारता! "शालू माझा, आन् मिरवतीय ती!" हे बाळाबाई बोळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. खरं दुखणं माझ्याजवळ निघालं, हळू आवाजात. "त्यो तिच्याकडं कसा बघतोय, बघितलंसा? आमच्या ह्यांनी असं एकदा बघितलं न्हाय." मीही तो फोटो जाता-येता बघत होते, आणि मलाही बरं वाटत नव्हतं.

दोन दिवस अंबादासच्या ताटात भाकरी आदळली. तिसऱ्या दिवशी हुकूम सुटला. "ती काढा, मला लावा. त्याच शालूत."

हौसानं शालू घडी करून परत आणून दिला होता. मास्तरची बदली होईपर्यंत गडमुडशिंगीत एका मित्राकडं राहणार, हेही ती भाबडेपणानं सांगून गेली होती. बाळाबाई शालू नेसल्या, नथ घातली आणि स्टुलावर बसल्या. एकट्याच. जोडीचा फोटो आत ट्रंकेमागं गेला, शोकेसमध्ये बाळाबाई आल्या.

त्याच आठवड्यात हंबीरराव आला. हौसाचा थोरला भाऊ. हातात काठी. कचेरीच्या शिपायानं त्याला सांगितलं होतं की कोयरीच्या काठाचा शालू नेसलेली एक नवरी आली होती, फोटोवाला या बोळातला. अंबादास आतल्या अंधाऱ्या खोलीत काच धूत होते, दार उघडलं तर उजेडानं काच जाणार. दुकानात बाळाबाई एकट्या. मी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते.

हंबीररावानं शोकेसमधल्या कोयऱ्या न्याहाळल्या. "ह्यो फोटो कुणाचा?"

"माझा."

"कचेरीत गेलतासा?"

"गेलते की."

"लगनाचा फोटो म्हणं. मग नवरा कुठाय फोटोत?"

बाळाबाईंनी नुसतं ट्रंकेकडं बोट दाखवलं असतं, गडमुडशिंगीचं नाव घेतलं असतं, तरी पुरे होतं. ज्या पोरीपायी इतके दिवस पोट जळत होतं तिचा हिशेब चुकता झाला असता. पण त्या एकदम फुटल्या.

"नवरा? नवरा फोटो काढत व्हता की, पावणं! लगनात त्येच, आत्ताबी त्येच! सगळ्या गावाला जोडीनं बसिवतोय, आन् माझ्या शेजारी कोण बसतंय?"

डोळ्यांतून घळाघळा पाणी. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून तर तो रांगडा गडी गांगरला. "ऱ्हाऊ द्या, ताई. चुकलं माझं. शिपायानं तुमालाच बघितलं आसंल," म्हणत काठी बगलेत मारून निघून गेला.

आतलं दार उघडलं. अंबादासनी सगळं ऐकलं होतं.

"कॅमेऱ्याच्या काचेत माणूस उलटं दिसतंय, डोकं खाली, पाय वर," ते ओले हात पुसत म्हणाले. "पर मी तुलाच बघत हुतो की."

"उलटं नगं. सरळ बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुग्याला लांब नळी जोडली, फुगा मुठीत धरला आणि बायकोशेजारी येऊन बसले. बारा वर्षांत ही नळी त्यांना सुचली नव्हती.

तो फोटो मी पुष्कळदा पाहिला आहे. अंबादास ताठ बसलेत, नजर थेट कॅमेऱ्यात. बाळाबाई त्यांच्याकडं वळलेल्या, तोंड उघडं, "अहो, हिकडं बघा की" म्हणताना सापडलेल्या.

"नासला," अंबादास म्हणाले. "दुसरा काढू."

"ऱ्हाऊ दे ह्योच," बाळाबाई म्हणाल्या. तो शोकेसमध्ये लावण्याआधी त्यांनी ट्रंकेमागचा मास्तरचा फोटो ओढून काढला आणि पदरानं चौकटीची काच पुसून बराच वेळ बघत बसल्या.