इंदूताईची रविवारची झोप

इंदूताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात तिसरीच्या वह्या तपासत होते. मुंबईच्या इस्पितळातून कुणीतरी पोस्टात फोन केला होता, आणि तिथल्या शिपायाने सायकलवर येऊन दारातूनच सांगितलं. मी मान हलवली आणि उरलेल्या वह्या तपासून संपवल्या. रडू आलं नाही. अंगातलं बळ तेवढं गेलं, आणि दीड महिना होत आला तरी ते परत आलेलं नाही.

ती पनवेलच्या प्रसूतिगृहात नर्स, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. एकाच ओसरीवर आमच्या शेजारशेजारच्या खोल्या होत्या. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. माझं लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. अठ्ठेचाळीस पोरं आठवडाभर माझ्या नाकी नऊ आणायची, पण मी निदान रात्री झोपत असे. इंदूताईला रात्र-दिवस नव्हता. आपट्याहून बैलगाडी यायची, खाडीपलीकडून होडी यायची, की निघाली ही पिशवी घेऊन. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर बसायचो ते बोलायला नव्हे. उठवत नसे म्हणून.

रविवारी दुपारी पत्र्याच्या टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा लागायचा. मुंबईत फिरून फिरून जुना झालेला, रेघोट्या पडलेला. इंदूताईला त्यातही यानांचे आणि परग्रहावरच्या माणसांचे सिनेमे हवे असायचे. मी एकदा कारण विचारलं.

"अगं, तिथं जेवणाची गोळी गिळतात," ती म्हणाली. "चूल नाही, भांडी नाहीत. अख्ख्या यानात बाई एक, आणि तीही बाळंत होत नाही. याहून निवांत जागा मला कुठे मिळणार?"

आणि ही निवांत जागा ती बघायची किती, तर यान जमिनीवरून सुटेपर्यंत! यान सुटलं की डोकं माझ्या खांद्यावर. बायकांच्या बाजूला बहुतेक आम्ही दोघीच असायचो, त्यामुळे हसणारं कुणी नव्हतं. आठवड्यातली तेवढीच दोन तास सलग झोप तिला मिळायची. घरी येताना ती विचारायची, "मग, पोचले का ते?" आणि मी गोष्ट सांगायचे. माझ्या इंग्रजीचा उजेडच, म्हणून निम्मी गोष्ट पदरची असायची. तिला ते कळायचं, पण ती मला कधी उघडं पाडत नसे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते... त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. त्या आठवड्यात आपट्याला एक बाळंतीण तिच्या हातून गेली. त्यानंतर लागोपाठ दोन रात्री आणखी दोन बायका अडल्या. रविवारी ती सिनेमाला आली तेव्हा तिचे पाय सुजले होते, आणि यान सुटायच्याही आधी, नावं येत होती तेव्हाच, ती झोपली.

अर्ध्या तासाने दारात कुणीतरी आलं. बायकांच्या दाराला पडदा असे आणि पुरुषाने तो ओलांडायचा नाही अशी रीत होती. पडद्याबाहेरूनच आवाज आला, "नरसबाय हाय का आत?"

मी खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिलं. म्हटलं, "नाही. आज आल्या नाहीत त्या."

"बरं बाय," तो म्हणाला आणि गेला.

कशासाठी आलास, कुठून आलास, काही विचारलं नाही मी. घटकाभर तिला झोपू द्यावं, एवढंच मनात होतं. वीसेक मिनिटांनी ती आपणच जागी झाली. मी सांगितलं, तेव्हा तिने फक्त "कुठल्या गावचा?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर पडली. बंदरावर तिला खाडीपलीकडचं त्याचं गाव कळलं, पण तोवर त्याची होडी सुटली होती आणि ओहोटी लागली होती. पुढच्या भरतीपर्यंत होडी नाही. मग ती चिखलातून, मिठागरांच्या बांधांवरून चालत गेली आणि दिवस मावळताना पोचली. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

ती मला एका शब्दानेही बोलली नाही. पुढच्या रविवारी सिनेमालाही आली. फक्त दाराच्या पडद्याशेजारच्या बाकावर बसली, आणि झोपली नाही. त्यानंतर कधीच झोपली नाही. प्रत्येक सिनेमा तिने डोळे ताणून शेवटपर्यंत पाहिला, आणि घरी येताना मला सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्या गावचं बोलावणंही बंद झालं. मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांना आता दुसरी सुईण मिळालीय." मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

गेल्या आठवड्यात मी तिची खोली आवरत होते, तेव्हा एक माणूस सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. केस पिकलेले. "नरसबायची खोली हीच ना?" त्याने विचारलं, आणि आवाजावरून मी त्याला ओळखलं. टॉकीजच्या पडद्याबाहेरचा तोच.

"बायकोनं पाठवलं," तो म्हणाला. "ती बोलली, माझा जीव वाचवला त्यांनी, जाऊन ये. मी येनार नव्हतो."

"का?"

"त्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं ना. बोलल्या, मी आतच होते, कुनी आलं तर नाय म्हन असं मीच मास्तरनीला सांगून ठेवलं होतं. तुमच्यावर राग धरू नको बोलल्या. आमच्या गावची पोरं तुमच्या वर्गात शिकतात, म्हनून."

मी कॉटवर बसले. मग त्याला सगळं सांगितलं. तिने काही सांगून ठेवलं नव्हतं, ती झोपली होती, नाही म्हणणारी मीच होते. त्याने पिशवी उंबऱ्याशी खाली ठेवली.

"म्हंजे बारा वर्सं मी त्यांना उगाच पान्यात पाह्यलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बाय, हे त्या हयात असताना का नाय सांगितलं?"

मी म्हटलं, तिने आपल्या अंगावर घेतलं हे मला माहीत नव्हतं. ते खरं होतं. पण बारा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, आणि त्या दिवशी तू तिथे काय सांगितलंस, एवढं मी तिला एकदाही विचारलं नाही... ते त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.