केस्ट्रेलच्या झाकणातला तांदूळ

कुठलाही जुना व्हॅक्यूम क्लीनर समोर आला, की मेव्हिस क्रॉथर आधी त्याच्या झाकणावर तळहात ठेवायची. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा, तसा. क्षणभर थांबायची आणि सांगायची, "हे घाईत काढलंय. साचा आणखी अर्धं मिनिट मिटलेला ठेवायला हवा होता." साठ वर्षांपूर्वी यॉर्कशरच्या कुठल्या तरी कारखान्यात कुणा कामगाराला चहाची तल्लफ आली होती, हे या बाईला आज झाकणावर हात ठेवून कळतं, यापुढे बोलायचं काय?

ब्रिगहाउस गावातल्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॅल्डर खोरे क्लीनर मंडळ भरत असे. सव्वीस सभासद. त्यांत पुरुषच जास्त. त्यांच्या बायका त्यांना दारापर्यंत सोडायला येत आणि परत जाताना घरातून एक क्लीनर कमी झाल्याचा आनंद त्यांच्या पाठीवरूनसुद्धा दिसत असे. हा आनंद संध्याकाळपर्यंतच टिकायचा, कारण एक घेऊन गेलेला नवरा दोन घेऊन परत यायचा.

मंडळात वाद एकच, आणि तो कधी संपत नसे: अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती. त्याला जोडूनच दुसरा, की पूर्वीसारखं मजबूत आता कुणी करत नाही. या दुसऱ्या वादात दुसरी बाजूच नव्हती, तरी तो तावातावानं चाले.

"जुना ब्रॅडस्टॉक पायावर पडला तर पाय मोडतो," डेस्मंड टॅटरसॉल म्हणायचा. "आजचा पडला तर क्लीनर मोडतो. याला प्रगती म्हणतात." डेस्मंडनं एकतीस वर्षं बस चालवली होती. बसमध्ये चढणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना तो 'राणी' म्हणत आला होता, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय सोडण्याचं त्याला काही कारण दिसलं नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष क्लिफर्ड आर्मिटेज. शाळेत भूगोल शिकवत असत. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात कायम एक छोटी विजेरी. नियम त्यांचाच: अस्सल यंत्रं मधल्या मोठ्या टेबलावर, हिरव्या कापडावर. नकला खिडकीच्या कट्ट्यावर, चहाच्या पिंपाशेजारी. मेव्हिसचा केस्ट्रेल एकोणीस वर्षं त्या पिंपाशेजारी वाफ खात उभा होता.

केस्ट्रेल ही ब्रॅडस्टॉक या बड्या कंपनीच्या क्लीनरची नक्कल, हे मंडळात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं नक्की होतं. ब्रॅडस्टॉकचं हे रूप बाजारात आलं एकसष्ट साली. केस्ट्रेलची पहिली जाहिरात बासष्टची. आकार तोच, तसाच फुगीर कपाळाचा, तशाच खांद्यांचा. आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे तो तांदूळ. दोन्ही यंत्रांच्या झाकणात, आतल्या अंगाला, मोटरच्या बरोबर वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा होता.

या तांदळावर आर्मिटेज दर वसंतात व्याख्यान देत. त्यांच्या मते तो ब्रॅडस्टॉकच्या अभियंत्यांच्या प्रतिभेचा कळस होता. "आत येणारा वारा इथं आपटतो," ते विजेरीचा झोत टाकून सांगत, "आणि दोन्हीकडे विभागला जातो. केसांचा भांग पडावा तसा. मोटर दोन्ही बाजूंनी थंड. एवढ्याशा दाण्यानं, मंडळी." मग आवाज खाली आणून म्हणत, "केस्ट्रेलवाल्यांनी तो आंधळेपणानं उचलला. कशासाठी आहे, हे त्यांना कळलंसुद्धा नसेल."

हे वाक्य आलं, की मेव्हिस पिंपाची तोटी उघडायची. तिला आर्मिटेज आवडत. कुणी इतक्या प्रेमानं एखाद्या दाण्याबद्दल बोलतं आहे हे ऐकायला छान वाटे. शिवाय तो दाणा कुठून आला हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि न सांगण्याचं वचन तिनं दिलेलं होतं.

पण या वसंतातली गोष्ट वेगळी होती. गावच्या संग्रहालयानं मोठ्या टेबलावरची यंत्रं कायमची मांडायला मागितली होती. संग्रहालयाच्या मिस पिकल्स गाडी घेऊन येणार होत्या. टेबलावरचं जाईल, कट्ट्यावरचं राहील. केस्ट्रेलचा कारखाना पाडून तिथं कधीच फरशांचं दुकान झालं होतं. तिथं राबलेल्या दोनशे माणसांपैकी मेव्हिसला ठाऊक असलेली जिवंत अशी ती स्वतःच, वय पंच्याहत्तर. हा केस्ट्रेल आज गेला नाही, तर ती माणसं होती याला पुरावाच उरणार नव्हता.

म्हणून त्या शनिवारी तिच्या पिशवीत, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं, आणखी एक झाकण होतं. ते बाहेर काढायचं की नाही, हे मात्र हॉलमध्ये पोचेपर्यंत ठरलं नव्हतं.

डुकराच्या मांसाचं सारण भरलेले पाव कापले गेले, चहा झाला. डेस्मंडनं तिचा केस्ट्रेल नेहमीच्या जागी ठेवला आणि म्हणाला, "राणी, तुझा पठ्ठ्या पिंपाजवळ उभा राहून आता निम्मा चहाच झाला असेल."

"तुझ्यापेक्षा कडक असेल," मेव्हिस म्हणाली.

आर्मिटेज उभे राहिले. समोर मिस पिकल्स वही घेऊन बसल्या होत्या. व्याख्यान त्या दिवशी विशेष रंगलं. वाऱ्याचा भांग पडला, मोटर थंड झाली, आणि शेवटी ते वाक्य आलं. "कशासाठी आहे, हे त्यांना कळलंसुद्धा नसेल."

मेव्हिसचा हात तोटीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"मिस्टर आर्मिटेज," ती म्हणाली, "तो कशासाठीच नाहीये."

हॉलमध्ये कुणी तरी चमचा बशीत ठेवला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"मिसेस क्रॉथर?"

"त्याचा काही उपयोग नाहीये. तो पान्ना पडल्याचा वण आहे. साठ सालच्या फेब्रुवारीत, झाकणं काढायच्या तीन नंबरच्या प्रेसवर. माझ्या हातून पडला. सतरा वर्षांची होते मी." तिनं पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं. "साच्याला खाच पडली. साच्याला खाच, म्हणजे निघणाऱ्या प्रत्येक झाकणाला उंचवटा. मिस्टर सग्डन आमचे फोरमन. त्यांनी पाहिलं, साचा पुसला, आणि काम चालू ठेवलं. वर कळलं असतं तर मी घरी बसले असते, आणि लपवलं म्हणून तेही. बोलू नकोस म्हणाले. मी नाही बोलले."

"पण केस्ट्रेल तर बासष्टचा," आर्मिटेज सावकाश म्हणाले. चुकलेल्या मुलाला ते शाळेत असंच समजावत असणार.

"जाहिरात बासष्टची. त्याआधी अडीच वर्षं आमची माणसं दारोदार फिरून विकायची. जाहिरातीला पैसे कुठं होते? हे माझ्या आईचं, एकोणसाठच्या डिसेंबरचं. हमीचं कार्ड चिकटवलेलं आहे, तारीख शाईतली आहे. आत हात घालून बघा."

आर्मिटेजनी हात घातला. झाकण आतून गुळगुळीत होतं. तांदूळ नव्हता.

डेस्मंड खुर्चीतून पुढं सरकला. "म्हणजे खाच पडायच्या आधीचं हे. मग तुमची खाच पडली. आणि मग ती ब्रॅडस्टॉकमध्ये गेली कशी? उडत?"

"एकसष्ट साली सग्डननी बाजारातून नवा ब्रॅडस्टॉक आणला," मेव्हिस म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत उघडला आणि मला बोलावलं. आत माझा तांदूळ. ब्रॅडस्टॉकवाल्यांनी आमचं यंत्र विकत घेऊन मापं काढली होती ना, प्रत्येक रेषेची. त्याचंही माप काढलं. हा कशासाठी, हे त्यांना कळेना, म्हणजे नक्कीच महत्त्वाचा असणार. सग्डन इतके हसले, इतके हसले, की त्यांना एका रिकाम्या पिंपावर बसवून पाणी द्यावं लागलं."

कुणीच हसलं नाही. अजून नाही.

आर्मिटेजनी तांदळाची दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी उताणी ठेवली, एक ब्रॅडस्टॉकचं, एक मेव्हिसच्या केस्ट्रेलचं. विजेरी काढली, पण लावली नाही. डोळे मिटून एकेका तांदळावरून बोट फिरवलं. मंडळातल्या सगळ्यांनी ते बोट पाहिलं. मेव्हिसलाही जागचं हलवेना. त्या बोटाखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं. पण ते दुसऱ्या कुणाच्या बोटाला कळावं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"ब्रॅडस्टॉकचा सरळ आहे," आर्मिटेज डोळे न उघडता म्हणाले. "दोन्ही टोकं सारखी. पट्टीनं आखलेला." बोट दुसऱ्यावर गेलं. "आणि हा एका बाजूला खोलगट सुरू होतो, मग चढतो, मग टोकाशी ओरखडा. घसरलंय काही तरी. असं कुणी आखणार नाही." बोट पुन्हा ओरखड्यावरून फिरलं. "हा मार लागून झालाय. तो आखलेला आहे."

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर जे होतं, ते मेव्हिसला वाटलं होतं तसं दुःख नव्हतं. डोंगराच्या वळणावर पहिल्यांदा समुद्र दिसलेला माणूस असतो ना, तसे ते दिसत होते.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले, "मी तुमच्या हातून पडलेल्या पान्न्यावर प्रवचन देतोय. आणि तुम्ही मला चहा देत होतात."

"प्रवचन छान होतं," मेव्हिस म्हणाली, आणि ते मनापासून होतं.

तेव्हा कुठं डेस्मंड हसला. मग सगळे. पण ते हसणं देवळात कुणी शिंकल्यावर येतं तसं होतं, दबलेलं, आदराचं. एकेक जण उठून रांगेत आला आणि दोन्ही झाकणांत बोट घालून पाहू लागला. शनिवारी दुपारी ब्रिगहाउसमध्ये दोन डझन शहाणी माणसं एका तांदळाचं दर्शन घ्यायला ओळीत उभी होती, आणि रांग मोडायची कुणाची इच्छा नव्हती. मिस पिकल्सही लागल्या. "एका बड्या कंपनीचे सगळे अभियंते," त्या पुटपुटल्या, "आणि एका मुलीच्या हातून निसटलेला पान्ना."

"तेही चांगलं काम आहे," मेव्हिस म्हणाली. "त्यांचं झाकण आमच्यापेक्षा जाड आहे, हात लावून बघा. आमचं जिथं तडकायचं तिथं त्यांनी भर घातलीय. नक्कल केली, पण झोपेत नाही केली."

हा मुद्दा मात्र अर्धा तास चालला. मग अस्सल म्हणायचं कुणाला, ज्यानं आधी केलं त्याला, की ज्यानं नीट केलं त्याला? डेस्मंड म्हणाला, मंडळाला पुढची एकोणीस वर्षं पुरेल एवढं सामान आज मिळालं.

केस्ट्रेल हिरव्या कापडावर कधी आला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आर्मिटेजनी स्वतः उचलून आणला होता, ब्रॅडस्टॉकच्या उजव्या हाताला. संग्रहालयासाठी प्रत्येक यंत्रापुढे एक पांढरं कार्ड होतं, त्यांच्या वळणदार अक्षरातलं: यंत्र, साल, रचनाकार. केस्ट्रेलसाठी त्यांनी कोरं कार्ड घेतलं, पेनाचं टोपण काढलं.

"रचनाकार, मिसेस क्रॉथर?"

मेव्हिसनं केस्ट्रेलच्या झाकणावर तळहात ठेवला. आकार काढणारा एक जण होता. पण झाकण जमवलं ते प्रेसवाल्यांनी, सात वेळा तडकल्यावर.

"एक नाही," ती म्हणाली. "तीन नंबरचे सगळेच."

"मग सगळे सांगा."

"हॅरल्ड सग्डन. आयरीन बूथरॉइड. लेन मिजली, त्याला दोनच बोटं होती उजव्या हाताला, पण साचा तोच लावायचा. एडना शॉ आणि तिची बहीण विनी. टेड..."

"सावकाश," आर्मिटेज म्हणाले. पहिलं कार्ड भरलं होतं. त्यांनी दुसरं घेतलं. बाहेर संग्रहालयाच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मिस पिकल्स दारापर्यंत गेल्या आणि त्याला गाडीचं इंजिन बंद करायला सांगून परत आल्या.