डावा खांदा हिरवा

बिबियाना घनदाट रानातल्या एका नदीकाठच्या वस्तीत धुण्यासाठी ओळखली जाई. लहानपणी ती मिशनच्या फादरांच्या स्वयंपाकघरात राबली आणि तिथून एकच सवय घेऊन परत आली. हाताला जे लागेल ते आधी नदीत बुडवायचं. साबुकंद, मासे, शेजारणींची पोरं, देवळातला लाकडी संत, सगळं. तिचा नवरा होडी उलटून बुडाला, तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं की बिचारा जाताना स्वच्छ होऊन गेला. बिबियानाही त्यावर हसली होती. रडली ती नंतर, एकटी असताना.

तिची आई इनासिया वेगळ्या गोष्टीसाठी ओळखली जाई. ती हिरव्या पोपटाला पिवळा करी. पोपटाच्या खांद्यावरची बारीक पिसं उपटायची, उघड्या कातडीवर ठिपक्यांच्या बेडकाच्या पाठीतून सुटणारं दूध चोळायचं, वरून माशाच्या चरबीत कालवलेल्या शेंद्रीच्या लाल बिया. नवं पीस उगवे ते पिवळंधमक, आणि पुढे दर खेपेला पिवळंच येई. सणाच्या मुकुटांना तीच पिसं लागत. बिबियानाने आईचं बघून कितीदा करून पाहिलं. ती एकटीच ओढ्यावर जाई, बेडूक धरून आणी, मनापासून चोळी. दर वेळी हिरवं पीस उगवे.

"हात असतो एकेकाचा," आई म्हणायची.

मग आई गेली. मागे राहिला तो तिने पिवळा केलेला शेवटचा पोपट, मिंगाऊ. मिंगाऊ म्हणजे पेज. आईने त्याला उकडलेला साबुकंद चावून त्याची पेज तोंडातून भरवली होती, म्हणून ते नाव. तो अजून आईच्या आवाजात खोकायचा. झोळीत पडल्या पडल्या बिबियानाला तो खोकला ऐकू यायचा आणि घर रिकामं आहे असं वाटायचं नाही.

त्या वर्षी नदी चढत असताना पाखरांचा अभ्यास करणारा एक परदेशी विद्वान आला. वस्ती त्याला दोतोर म्हणे. पिवळी दाढी, उन्हाने सोललेलं नाक, आणि दूरच्या थंड देशातली चिकाटी. त्याला नदीवरची भाषा बरी येत होती. तो पाखरं मारी, त्यांचं कातडं काढी, डोळ्यांत कापूस भरी आणि पायाला दोऱ्याने नाव बांधी. वस्तीतलं पोर बोलायला लागायच्या आधी त्याला नाव मिळे. दोतोरकडे मात्र नाव मिळण्यासाठी आधी मरावं लागे. बिबियाना हे रोज बघत होती आणि तिला त्यात वाईट असं काही सांगता येत नव्हतं. तो पाखरांना फार हळुवार हात लावी.

मिंगाऊला पाहिल्यावर तो जागीच बसला. हा पोपट कुठल्याही पुस्तकात नव्हता. याला तो आपल्या राजाच्या मुलीचं नाव देणार होता.

वस्तीचा मुखिया वेनान्सियो, बिबियानाच्या दिराचा मुलगा, संध्याकाळी तिच्या दारात आला. "काकू, पोपट द्यायचा कबूल केलाय मी. त्याने बंदुकीची दारू दिलीय, गळ दिलेत."

"मला न विचारता?"

"तुला कशाला विचारायचं? ज्याने पाखराला तोंडातून भरवलं, पाखरू त्याचं. हा आपला रिवाज. भरवणारी गेली. आता ते कुणाचंच नाही, म्हणजे वस्तीचं. आणि वस्तीचं म्हणजे…"

"तुझं. कळलं. लहानपणी तुला नदीत घासून काढायचे, तेव्हा जरा जास्त वेळ बुडवायला हवं होतं."

वेनान्सियो हसला, पण मागे हटला नाही. रिवाज त्याच्या बाजूने होता. बिबियाना उठली आणि थेट दोतोरच्या खोपटात गेली.

"हा नवा पक्षी नाही," ती म्हणाली. "तुमच्या पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे ना, तसलाच हा. माझ्या आईने पिवळा केलाय."

दोतोरने कातडं खाली ठेवलं. "बाई, हे मी वाचलंय. एका जुन्या पुस्तकात आहे की इकडचे लोक पोपटाचा रंग बदलतात. पण लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिलं नव्हतं. तुम्ही करून दाखवाल?"

इथे तिला खरं सांगता आलं असतं. आजवर एकदाही जमलेलं नाही असं म्हणता आलं असतं. तिने मिंगाऊचे डोळे डोळ्यांसमोर आणले, त्यांत कापूस पाहिला, आणि म्हणाली, "दाखवीन. तुमचा हिरवा मला द्या. पिवळा झाला तर आमचा सोडायचा."

"आणि नाही झाला तर?"

"तर वेनान्सियोने कबूल केलंय तसं."

दोतोर वरच्या धबधब्यांकडे निघाला होता. नदी उतरली की परत येईन म्हणाला आणि हिरवा पोपट ठेवून गेला.

हिरवा पोपट चिडका होता. दोतोरच्या माणसांनी त्याला कोरडे दाणे टाकून वाढवलं होतं. बिबियानाने डाव्या खांद्याची पिसं उपटली, तेव्हा त्याने तिचा अंगठा फोडला आणि मग खाणंच सोडलं. तो मेला तर सगळंच संपणार होतं. तिने साबुकंद चावून पेज केली आणि ओठांवर धरली. पहिल्या दिवशी ओठ रक्ताळले. पुढे तो तिच्या गळ्याला चोच टेकून झोपू लागला.

आणि डाव्या खांद्यावर पीस उगवलं. हिरवं. कोवळ्या केळीच्या पानासारखं, निर्लज्ज हिरवं.

नणंद फिरमिना बघायला आली. ती जिभेने तिखट, पण संकटात पहिली हजर राहणारी बाई. "वहिनी, छान झालाय हो. आधी होता तसाच."

"वन्सं, आज नको."

"अहो, उजवा खांदा आहे की अजून. चला, बेडूक मी धरते. दर वेळी एकट्याच काय जाता?"

दोघी ओढ्यावर गेल्या. फिरमिनाने ओल्या पाल्याखालून बेडूक उचलला, निळा-काळा, पिवळ्या ठिपक्यांचा. दाबल्याबरोबर त्याच्या पाठीवर पांढरा घाम फुटला. बिबियानाने तो पानात घेतला आणि नेहमीसारखी पाण्यात वाकली.

"काय करताय?"

"धुतेय."

"बेडूक?"

"चिकट असतो ना. अंगभर घाण असते त्याच्या."

फिरमिना कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हणजे बाई, तुम्ही बेडकालाही आंघोळ घालता. आता त्याला तेल लावून वेणी घाला."

बिबियाना हसायला गेली आणि थांबली. पाण्यावर एक दुधाळ तवंग पसरत चालला होता. तो प्रवाहाला लागला आणि नाहीसा झाला. ती तशीच वाकून उभी राहिली. इतकी वर्षं, इतके बेडूक, आणि आईची सगळी विद्या ती याच ओढ्यात सोडून देत आली होती.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "दुसरा धरा. आणि माझ्या हातात देऊ नका."

तो बेडूक फिरमिनानेच पानात गुंडाळून, पाण्यापासून लांब धरून घरी आणला. बिबियानाने उजव्या खांद्याची पिसं उपटली. चोळताना हात चुरचुरला, जळजळला. आईचे हात असेच जळत असतील, हे तिला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मग शेंद्री, मग चरबी. मग वाट पाहणं. नदी उतरू लागली. काठावर गेल्या वर्षीची वाळू दिसू लागली. उजवा खांदा उघडाच होता, भाजलेल्या वांग्यासारखा. वस्तीतल्या बायका पाणी भरायला जाताना मान वाकडी करून बघत.

एका सकाळी पोपट तिच्या मांडीवर अंग खाजवत होता. कातडीतून बारीक काटे वर आले होते. तिने एका काट्याचं टोक नखाने उकललं. आत पिवळं होतं.

पोपट खांद्यावर घेऊन ती सबंध वस्तीतून सावकाश चालत गेली, प्रत्येक दारासमोरून. फिरमिनाच्या दारात थांबली. फिरमिनाने हातातला साबुकंद खाली टाकला. "आता धुवा बाई काय धुवायचं ते," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

दोतोर आला तो तापाने वाळलेला, सोबत कातड्यांच्या पेट्या. सगळी वस्ती वेनान्सियोच्या अंगणात जमली होती. बिबियानाने पोपट त्याच्या हातावर ठेवला. डावा खांदा हिरवा होता, उजवा सोनेरी. दोतोरने पिसं फुंकून पाहिली, मुळापर्यंत. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तिला वाटलं, हा रागावेल. तो जोरात हसू लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"दोन्ही पिवळे असते तर म्हटलं असतं, पक्षी बदलला. पण हा? याला मी दोन नावं देऊ का? डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक?"

"तुमच्या राजाची मुलगी रागवेल," बिबियाना म्हणाली.

"तिला काहीतरी दुसरं देऊ. एखादी पाल." त्याने मिंगाऊकडे पाहिलं आणि टोपी काढली. "हा तुमचा. पण हा अर्धा-अर्धा मी जिवंत नेतो. न दाखवता कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?"

पोपटाने त्याचं बोट चावलं, तो उडाला आणि बिबियानाच्या मानेत शिरला.

"वेनान्सियो," ती म्हणाली, "रिवाज काय आहे आपला? जरा दोतोरना सांग. मला तू छान समजावून सांगितला होतास."

अंगणात आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. वेनान्सियोने डोकं खाजवलं. "ज्याने तोंडातून भरवलं," तो कसाबसा म्हणाला, "पाखरू त्याचं."

"ऐकू आलं नाही," मागून फिरमिना म्हणाली.

त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

बिबियानाने दोतोरला रिकामं पाठवलं नाही. पोपटाची गळालेली दोन पिसं तिने त्याला दिली, एक हिरवं, एक पिवळं. त्याने ती एका कागदावर शेजारी शेजारी शिवली आणि खाली पुष्कळ वेळ लिहीत बसला. कुठला बेडूक, ते त्याने विचारलं. तिने ओढ्याकडे हात केला. ओढ्यावर बेडूक पुष्कळ होते.

त्या वर्षीच्या सणाला मुकुटांवर पुन्हा पिवळी पिसं आली. पुढे वरच्या वस्त्यांतून बायका आपापले पोपट घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. ती बाकी सगळं धूतच राहिली, साबुकंद, पोरं, लाकडी संत. झोळीच्या एका टोकाला मिंगाऊ बसे, दुसऱ्या टोकाला तो अर्धा-अर्धा. संध्याकाळी मिंगाऊ आईच्या आवाजात खोकायचा. काही दिवसांनी दुसऱ्या टोकावरूनही उत्तर येऊ लागलं, बिबियानाच्या आवाजात. "वन्सं, आज नको."