त्यांना दिसतील असे मासे

एका संध्याकाळी मी शाळेतून घरी आले, तेव्हा माझा नवरा फिश टँकसमोर स्टुलावर बसला होता. टँकमधला दिवा बंद होता.

"दिवा लावला नाहीत?" मी विचारलं.

"लावलाय की," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन बघितलं. बटण चालू होतं, ट्यूब गेली होती. ती कधी गेली हे त्यांना कळलंच नव्हतं. अंधारलेल्या पाण्याकडे तोंड करून ते किती वेळ बसले होते, कोण जाणे.

मधुमेहामुळे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाला होता आणि दोन्ही डोळ्यांना इंजेक्शनं चालू होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही, दवाखान्यात त्यांच्याबरोबर मीच जात होते. पण दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता वाचताना माणूस अडखळतो, त्याची मनाला तयारी असते. घरातल्या टँकपाशी ती नव्हती.

तीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. त्या भागातल्या कितीतरी घरांचे नकाशे त्यांच्याच हातचे. काम सुटलं आणि हा तीन फुटी टँक तेवढा उरला. त्याला मी कधी हात लावत नसे. त्यात नखाएवढे टेट्रा मासे होते. त्यांना बोअरवेलचं पाणी सोसत नाही म्हणून हे रोज नगरपालिकेच्या नळाचं पाणी बादल्यांनी भरून ठेवत. आता भरलेली बादली घेऊन जिना चढणं त्यांच्यासाठी धोक्याचं झालं होतं.

नवी ट्यूब बसवल्यावर ते म्हणाले, "हे मासे मला दिसत नाहीत गं. काहीतरी हलतंय एवढंच कळतं. मोठे आण, भडक रंगाचे. या वेळी तूच निवड."

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, पण माशांतलं मला काही कळत नव्हतं. पंधरा दिवस मी वाचत बसले. सिक्लिड नावाचं माशांचं एक मोठं कुळ आहे, रंगीत आणि अंगापिंडाने भरलेलं. त्यातले एंजल फार देखणे, पण चंदेरी. यांना ते दिसले नसते, आणि एंजलला पाणीही मऊ लागतं. ऑस्कर लांबूनही दिसला असता, पण तो हातभर वाढतो, तीन फुटांत त्याला वळायलाही जागा पुरली नसती. फ्लॉवरहॉर्नला एकटंच ठेवावं लागतं. दिवसभर घरात एकट्या असलेल्या माणसासमोर एकटाच मासा ठेवायचा, हे माझ्या मनाला पटेना. शेवटी आफ्रिकेतल्या एका तळ्यातल्या लहान जाती सापडल्या. त्यांना जड पाणी मानवतं. आमच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. तेच पाणी त्यांना चालणार होतं. त्यांतला एक बोटभर लांबीचा, हळदीसारखा पिवळा आणि त्यातल्या त्यात शांत. तो मी पक्का केला.

पापनाशमला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ परसात सिमेंटच्या टाक्या बांधून हे मासे वाढवतात, असं कळलं. एका शनिवारी आम्ही दोघं बसने गेलो. गृहस्थ बोलके निघाले. "सार, आपल्या कालव्यातला जिलेबी मासा, म्हणजे तिलापिया, आहे ना, तोही याच कुळातला बरं का," ते तमिळमध्ये म्हणाले. "त्याला कोणी पैसे देऊन घरी नेत नाही, एवढंच." हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

सहा पिवळे मासे पिशवीत घालून झाले. तोवर हे शेजारच्या टाकीवर वाकले होते. मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघायची सवय त्यांना नुकतीच लागली होती, कारण मधोमध सगळं धूसर असायचं.

"हा मला दिसतोय," ते म्हणाले. "पट्टे दिसतायत. काळा, पिवळा, काळा."

सहा महिन्यांत 'दिसतोय' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

गृहस्थ लगेच म्हणाले, "तो औरातुस. तीन फुटांच्या टँकसाठी नेऊ नका, सार. लहानपणी गोड दिसतो. नर मोठा झाला की काळा पडतो आणि मग बाकीच्यांना जगू देत नाही."

हे माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझा आवाज जिथून यायचा तिकडे. त्या माशाबद्दल मीही वाचलं होतं. तरी मी म्हणाले, "दोन द्या."

टेट्रा मी शाळेतल्या एका बाईंना दिले. टँकमध्ये दगड रचून लपायला खोबणी केल्या. पिवळा रंग उठून दिसावा म्हणून मागच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवला. पहिले काही महिने चांगले गेले. मी घरी आले की हे सांगत, कोण कुठल्या खोबणीत राहतो, कोण कोणाला हुसकावतो. मीही ऐकायला थांबू लागले.

मग दोन पट्टेवाल्यांतला एक काळवंडू लागला. आधी पोटाकडे, मग सगळाच. पंधरा दिवसांत तो ओळखू येईना.

"एक पट्टेवाला कुठे गेला?" यांनी एकदा विचारलं.

"दगडामागे असेल," मी म्हणाले.

तो दगडामागे नव्हता. टँकच्या मधोमध, माझ्या काळ्या कागदापुढे तो काळा मासा फिरत होता आणि दिसेल त्याच्या अंगावर जात होता. पहिला पिवळा मासा सकाळी फिल्टरच्या नळीपाशी सापडला. पर फाटलेले, एक डोळा नाही. हे कॉफीला उठायच्या आत मी तो बाहेर काढून जिन्यातल्या कुंडीत पुरला. सांगितलं नाही. आठवड्याने दुसरी पट्टेवाली मादी गेली, मग आणखी दोन पिवळे. दर वेळी मी लवकर उठून टँक बघायचे आणि कुंडीतली माती सारखी करायचे. 'दोन द्या' मीच म्हणाले होते, हे एक कारण. दुसरं असं, की सांगितलं तर त्यांच्या नजरेबद्दलही बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं.

एका रविवारी खाणं टाकता टाकता त्यांनी विचारलं, "पिवळे किती आहेत?"

"सहा."

"सहा नाहीत. खायला वर आले की टपटप आवाज यायचा. आता दोन-तीन तोंडांचाच येतो."

मग मी सगळं सांगितलं. किती मेले, कसे मेले, कुठे पुरले. ते खाण्याचा डबा हातात धरून ऐकत होते.

"मला पट्टे महिन्याभरापासून दिसत नाहीत," ते म्हणाले. "तू 'दिसतायत ना?' विचारायचीस आणि मी हो म्हणायचो."

"का?"

"तू पापनाशमपर्यंत गेलीस, पंधरा दिवस वाचत बसलीस. काय सांगू?" मग त्यांचा आवाज चढला. तसा तो कधी चढत नसे. "पण तू का लपवलंस? दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतात. मी तिथेच बसलेला असतो. आता घरातही तेच चालणार का?"

मी त्यांच्या हातातला डबा घ्यायला हात पुढे केला. "पोदुम," ते म्हणाले. पुरे. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. तो काळा मासा परत नेऊन द्यायचा. त्याला पकडायला मला सगळे दगड बाहेर काढावे लागले. हे झाकणाची बादली धरून उभे होते आणि मी जाळी फिरवताना माझ्या साडीचा पदर भिजला. बसमध्ये बादली त्यांनी मांडीवर घेतली. पापनाशमच्या गृहस्थांनी मासा घेतला. 'मी सांगितलं होतं' असं काही म्हणाले नाहीत. डोळ्यांची चौकशी केली आणि आणखी पिवळे न्या म्हणाले.

"आत्ता नको," हे म्हणाले. "आहेत ते आधी सुधारू देत."

तिघांचे पर हळूहळू भरून आले. मी ते रोज सांगते. एकाचा पर वाकडाच भरला, तेही सांगितलं.

गेल्या महिन्यात डाव्या डोळ्यात पुन्हा रक्त आलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि त्या डोळ्याची नजर परत यायची नाही म्हणून सांगितलं. रिक्षात बसल्यावर मी ते शब्द जसेच्या तसे यांना सांगितले.

"आणि उजवा?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच सांगता येत नाही म्हणाले."

मी हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही, पण धरलाही नाही. घरी येऊन त्यांनी बाही वर केली, टँकमधला फिल्टर चाचपून त्यातला स्पंज काढला आणि मला टँकचंच पाणी एका तसराळ्यात घ्यायला सांगितलं. त्या पाण्यात ते बराच वेळ स्पंज पिळत, धूत बसले. मी बाजूला उभी होते. पाणी काळं झालं का, असं ते मला विचारत, मी सांगायचे, आणि मग ते म्हणायचे, "बदल."