पिठावरचा आकडा

आमच्या गल्लीत मेलेलं माणूससुद्धा आकडा देऊन जातं, असं मानतात. मी मानत नाही. पण माझ्या बायकोच्या मागं तेच लागलं, म्हणून लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत झाली. बोलतो तसंच लिहिणार.

मटका मी लहानपणापासनं बघतोय. माझा बाप वळसंग गाव सोडून सोलापुरात गिरणीत लागला. तो सांगायचा, आधी लोक कापसाच्या भावावर लावायचे. भाव परदेशातनं तारेनं यायचा. गिरणीतल्या माणसांना वाटायचं, रोज कापसात हात घालतोय, आपल्याला त्यातलं कळतंय. डोंबलाचं कळतंय! पुढं तो भाव बंद झाला, तर कुणीतरी मडक्यात चिठ्ठ्या टाकून काढायला लागलं. म्हणून मटका. मग मडकंही गेलं, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा धरायचा, तो ओपन. परत तीन काढले की क्लोज. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले, मटका तेवढा राहिला. पानटपरीच्या मागं चिठ्ठ्या फाडायचे, आता मोबाईलवर लावतात. पत्ते कोण काढतंय तेही दिसत नाही. नुसता आकडा राहिलाय. हात न्हाय, पाय न्हाय, तरी घरात शिरतोय.

लावणाऱ्याला आकडा शोधायचं वेड असतं. स्वप्नात साप दिसला की एक आकडा, लग्न दिसलं की दुसरा. चौकात गाडी उलटली तर माणूस मेला का वाचला ते नंतर, आधी नंबर प्लेट बघतात. म्हणून माझी बायको घरात स्वप्न सांगायची नाही. वाईट काही पडलं तर पहाटे मोरीत बसून तांब्यातल्या पाण्याला सांगायची आणि पाणी ओतून द्यायची. "तुमाला सांगितलं तर पोरगं ऐकंल," म्हणायची. पोरगं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. लावायचं, पण भीतभीत. आईचा धाक होता.

ती गेली. दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथं तिचा जीव गेला तिथं रीतीप्रमाणं पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, वरनं कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. सकाळी पिठावर जे उमटतं, त्यावरनं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. मला तेवढंच बघायचं होतं. पाखराचं पाऊल असावं, असं मनात होतं. आयुष्यभर टॉवेलांना शिलाई मारत एका जागी बसली होती बिचारी.

मेव्हणीनं डालगं उचललं. पिठावर एक वाकडी रेघ. झुरळ फिरलं असंल. मेव्हणी म्हणाली, "पाखरू हाय बघा, भावजी. पंख वडलाय."

पोरगं वाकून बघत होतं. म्हणालं, "सात हाय की."

 दारातल्या एकेकानं खिशातनं मोबाईल काढला. अजून पिंडाला कावळा शिवायचा होता.

त्या दिवशी ओपनला सातच आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी नारळ फोडला. ज्या बाईनं जन्मात कुणाला आकडा दिला नाही, तिच्या फोटोला अनोळखी माणसं हार घालायला लागली. "आजोबा, मावशी सपनात आल्या का? काय म्हणल्या?" मी शिव्या देऊन हाकललं, तर एकजण म्हणतो, "किती शिव्या दिल्या रं म्हाताऱ्यानं? मोज की."

पोरानं मागावरचं काम सोडलं. दर अमावस्येला तिच्या जागेवर पीठ पसरतो. परत कधी लागलं नाही. पण तो म्हणतो, "आई बरोबर देतीय, अप्पा. वाचायला आमी चुकतोय."

मागल्या महिन्यात त्यानं माझं अंथरूण तिच्या जागेवर आणून टाकलं. म्हणाला, "हितं वारं चांगलं लागतंय." मी खोकलो की तो हातातला मोबाईल खाली ठेवून माझ्याकडं बघतो. ते बघणं मला आवडत नाही.

काल अमावस्येची रात्र झाली. पीठ माझ्या उशाशीच होतं. आज सकाळी तो उठायच्या आत मी डालगं उचललं. पीठ कोरं. ती आली नव्हती. मला बरं वाटलं. मग ध्यानात आलं, कोरं बघून हा शून्य लावंल. म्हणून सगळं मोडायला मी पिठावर हात दाबला, तेवढ्यात तो जागा झाला.

"पाच," म्हणाला.

"अरं येड्या, माझा हात हाय त्यो! हे बघ, बोटाला पीठ."

"हात तुमचाच, अप्पा. पण दाबायला कुणी लावला?" असं म्हणून माझ्या पाया पडला. जन्मात कधी पडला नव्हता. पाचावर लावायला तिचं शिलाई मशीन गाडीला बांधून विकायला घेऊन गेला.

आता दिवस कलायला आलाय. तो उंबऱ्यावर मोबाईल घेऊन बसलाय, मागं गल्लीतली माणसं उभी. चुकलं तर निदान मला त्याला बोलायला जागा राहील. पाच आला तर पोरगं परत माझं नाही, आणि मी ह्या अंथरुणावरनं उठणार नाही.

मी कधी आकडा लावला नाही. आज भिंतीला टेकून बसलोय आणि तिला म्हणतोय, पाच सोडून कुठलाही दे. हाताचं पीठ अजून धुतलेलं नाही.