सोलरचं थंड पाणी आणि कारणाचा रकाना

पाणी सोडून इंगळे साहेबांच्या घरात बाकी सगळं तापलेलं होतं. डिसेंबरची सकाळ, बुलढाण्याची थंडी, आणि साहेब शाल पांघरून, मांडीवर फाइल घेऊन बसलेले. फाइलवर सुवाच्य अक्षरात लेबल होतं: ‘सौर उष्णजल संयंत्र – तक्रार’. मी बावीस वर्षं सोलर आणि गिझरची कामं करतो आहे. बादलीभर कोमट पाण्यासाठी फाइल उघडणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

“बैस गजानन,” साहेब म्हणाले. “आधी वाचून दाखवतो.”

“साहेब, आधी गच्चीवर पाहून येतो ना.”

“पाहशीलच. आधी प्रकरण समजून घे.”

साहेब उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. मी बसलो. तक्रार चार पानांची होती. पहिल्या पानावर विषय आणि संदर्भ, चौथ्या पानावर ‘प्रत माहितीस्तव’. मधल्या दोन पानांचा सारांश असा: सोलर मार्चमध्ये बसवलं, मेमध्ये पाणी उकळत होतं, दिवाळीतही ठीक होतं, आणि आता डिसेंबरात मुलगा, सून आणि वर्षाची नात पुण्याहून आली तर नळाला जेमतेम कोमट पाणी येतं. सबब यंत्र सदोष आहे, ते बदलून मिळावं.

यातलं खरं दुःख तिसऱ्या पानावर एका ओळीत होतं. नातीच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवावं लागतं. सोलर बसवताना साहेबांनी सुनेला फोन करून सांगितलं होतं, की आता आमच्याकडे बटण दाबायचं कामच नाही.

माझं दुःख साहेबांपेक्षा लहान नव्हतं. तक्रारीची एक प्रत कंपनीला गेली होती, एक आमच्या शेठजींना. शेठजी कंपनीचे जिल्ह्याचे डीलर, आणि फिटिंग-सर्व्हिस माझ्याकडे. सकाळीच त्यांचा फोन आला होता.

“गजाभाऊ, रिपोर्टमधी कारण पक्कं लिही. माल खराब निघाला तं कंपनी पाहीन. फिटिंग खराब निघाली तं कंपनीचं काम तुह्या हातून गेलंच समज. मले काही बोलता येनार नाही.”

“अन् गिऱ्हाइकाची चूक निघाली तं?”

“तं तसं लिही. पन पक्कं लिही.”

बाथरूमच्या नळाखाली थर्मामीटर धरला. एकतीस. या पाण्यात कपडे भिजत घालता येतात, नात नाही.

जिना चढताना काकू, म्हणजे साहेबांच्या मंडळी, मागोमाग आल्या. साहेब आले नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांनी वर्षभर गच्ची पाहिलेली नव्हती. काकूंची चाल मात्र मला वेगळी वाटली. पाहुण्याआधी घर आवरायला निघालेल्या माणसाची असते तशी.

थोडं यंत्राबद्दल सांगतो. गच्चीवर तिरप्या चौकटीत काचेच्या काळ्या नळ्या असतात, वर आडवी टाकी. नळ्यांत ऊन शिरतं, पाणी तापतं, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं. मोटर नाही, वीज नाही. आणि म्हणूनच ऋतू बदलला की त्याचा सगळा हिशोब बदलतो. मे महिन्यात टाकीत येणारं पाणीच मुळात गरम असतं. डिसेंबरात तेच पाणी हात आखडावा इतकं गार, दिवस लहान, ऊन तिरपं. म्हणजे काम दुप्पट आणि मजुरी निम्मी. हिवाळ्यात सोलरला प्रत्येक नळी लागते. उन्हाळ्यात तेच सोलर जास्त कमावतं. टाकीतलं पाणी उकळतं, वाफेच्या पाइपातून फुसफुस आवाज येतो आणि लोक मला फोन करतात, की सोलर फुटते काय.

साहेबांचाही फोन मेमध्ये असाच आला होता. तेव्हा मी काकूंना सांगितलं होतं, “अर्ध्या नळ्या झाका. जुनं बारदान, चादर, काहीबी चालते.” आणि निघून आलो होतो.

गच्चीवर पोचलो आणि थांबलो.

तीसपैकी सोळा नळ्यांवर इंगळे साहेब स्वतः पसरलेले होते. सहा बाय चारचा फ्लेक्स, चारही कोपरे साडीच्या काठाच्या पट्टीने घट्ट बांधलेले. ‘सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा’. खाली ‘कार्यतत्पर, अभ्यासू, सर्वांचे लाडके’. मध्ये हार घातलेले साहेब. सगळ्यात खाली काळे चष्मे लावलेले दोन ओळी शुभेच्छुक. फ्लेक्सची शाई उन्हात एकसारखी उडत नाही. लाल आणि पिवळा आधी जातात, निळा उरतो. सात महिने दक्षिणेकडे तोंड करून साहेब पार निळे झाले होते. त्या थंडीत तो रंग त्यांना शोभतही होता.

“काकू, हे तुमी बांधलं?”

“तूच तं म्हनला होता झाका म्हनून!”

“हाव, पन मे महिन्यात. काढाचं नव्हतं काय मंग?”

“काढाचं तू कुठी सांगतलं होतं?”

मी साडीच्या पट्टीची पहिली गाठ सोडायला घेतली.

आमच्याकडे फ्लेक्स कोणी फेकत नाही. वाढदिवस होतो, निवडणूक होते, नेता मागच्या दाराने दुसऱ्या पक्षात जातो, आणि फ्लेक्स सोयाबीनच्या ढिगावर येतो. पाणी आत जात नाही, ऊन आत जात नाही, पाच वर्षं हलत नाही. एवढा भरवसा त्यावरच्या माणसाचाही नसतो. काकूंनी केलं ते जिल्ह्यातल्या कोणत्याही शहाण्या बाईने केलं असतं. अडचण वेगळीच होती.

“त्याइले सांगू नोको बापा,” काकू हळूच म्हणाल्या. “थे समजतात, फ्लेक्स कपाटावर गुंडाळून ठेवला आहे. दिवाळीच्या सफाईत विचारत होते, नीट आहे ना म्हनून. मी म्हटलं, एकदम सुरक्षित जागी आहे.”

“मंग घरात काऊन नाही ठेवला?”

“कुठी ठेवू? एवढा मोठा मानूस भिंतीवर मावत नाही, अन् फेकाले जीव होत नाही.”

दिवाळीला बोंब का झाली नाही, तेही उलगडलं. ऑक्टोबरचं ऊन कडक, घरात माणसं दोन. चौदा नळ्यांनी निभावलं. थंडी वाढली, पाच जणांच्या अंघोळी आल्या, तेव्हा सोलर उघडं पडलं. खरं तर झाकलेलं राहिलं.

फ्लेक्स सोडला, घडी केली, टाकीमागे ठेवला. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल असते, तीही बाहेर काढून पाहिली. बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यावर बोटभर चढला होता. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तोच. असा थर चढला की वीज जळते, गरम थर होतो, पाणी नाही. उन्हाळाभर कोणी कॉइल लावत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. खरवडून, धुऊन परत बसवली. तासाभराचं काम.

मग खाली आलो आणि रिपोर्टचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना आहे: ‘कारण’. लहानसा, दोन ओळींचा. पण माझी बावीस वर्षं त्या दोन ओळींत अडकली होती. ‘फिटिंग’ लिहिलं तर काम जातं. ‘माल खराब’ लिहिलं तर खोटं. ‘ग्राहकाने नळ्या झाकल्या’ लिहिलं तर ते खरं होतं, मी सुटत होतो, आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या काकू अडकत होत्या. साहेब चष्मा लावून माझ्या पेनाकडे पाहत होते.

मी लिहिलं: ‘उन्हाळ्यात टेक्निशियनच्या सांगण्यावरून अर्ध्या नळ्या झाकल्या. झाकण केव्हा काढायचे हे टेक्निशियनने सांगितले नाही.’ खाली सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

“हा टेक्निशियन कोण?”

“मीच.”

“आणि स्वतःच्या सहीनं लिहितोस?”

“दुसरा टेक्निशियन नाही साहेब आमच्याकडे.”

“चौतीस वर्षं नोकरी केली,” साहेब म्हणाले. “हजारभर चौकशी अहवाल वाचले असतील. पावसाची चूक वाचली, मातीची वाचली, मयत ठेकेदाराची वाचली. लिहिणाऱ्याची पहिल्यांदा वाचतो आहे.” मग पुढे त्यांच्यातला अभियंता जागा झाला. “झाकलं कशानं होतं?”

“फ्लेक्सनं.”

“कोणाचा फ्लेक्स?”

मी चहाकडे पाहिलं. चहा अजून ट्रेमध्येच होता.

“तुमचाच,” काकू म्हणाल्या. ट्रे टेबलावर ठेवला आणि पदर खोचला. “मी बांधला. आता काय बोलाचं थे बोला.”

साहेबांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. मला म्हणाले, “आण इकडे.”

मी वरून घडी आणली. हॉलमध्ये पसरली. सून बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. साहेब वाकून स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिले. बाळ हात पसरून त्या निळ्या आजोबांकडे झेपावलं. शेजारच्या खऱ्या आजोबांकडे त्याने पाहिलंही नाही.

“मी निळा काऊन झालो बे?” साहेबांची सरकारी मराठी पहिल्यांदाच सुटली.

“उन्हानं. लाल रंग आधी उडते साहेब.”

साहेबांनी खालच्या दोन ओळींवर बोट फिरवलं. एकेका चष्म्यावर थांबत गेले. “हा आता फोन उचलत नाही. हा बी नाही. हा रस्त्यात भेटला तं मोबाइलमधी पाह्यते.” मग ते एकदम हसायला लागले, गुडघे धरून. “एवढ्यातला कोनी कामाले नाही आला. फ्लेक्स तेवढा आला!”

काकूंनी तेव्हा कुठे चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. नळाला बावन्न होतं. त्यांनी थर्मामीटर विकत आणला होता. तक्रार मागे घेतल्याचं पत्र तीन पानांचं होतं, तक्रारीपेक्षा एक कमी. शेठजी रिपोर्ट वाचून म्हणाले, “हे काय लिहिलं बे? पन पक्कं लिहिलं.” कंपनीनं माझं काम काढलं नाही. उलट सगळ्या डीलरांना एक रंगीत स्टिकर पाठवलं, त्यावर हसरा सूर्य आणि इंग्रजीत आठ सूचना. झाकण काढण्याची सूचना आठांत नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक टाकीवर मार्करने दोनच ओळी लिहितो: आखाजीला झाका, मृगाला काढा. अक्षय तृतीया आणि मृग नक्षत्र सगळ्यांना न सांगता कळतात, तारखा कोणी लक्षात ठेवत नाही. झाकायला सांगणाऱ्याने काढायचा दिवसही सांगावा, एवढं मला बावीस वर्षांनी समजलं.

या वर्षी आखाजीच्या सकाळी साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फ्लेक्स स्वतः कपाटावरून काढून दिला. “हाच बांध,” म्हणाले, “मजबूत आहे. फक्त तोंड आतल्या बाजूला कर. शुभेच्छुकांना जरा ऊन नको, गरम पाण्याजवळ राहू दे.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी न बोलावता गेलो. नळ्या उघड्या होत्या. काकूंनी आदल्याच दिवशी फ्लेक्स काढून अंगणातल्या सरपणावर पांघरला होता, पाऊस येणार म्हणून.