धाकटीची आंघोळ

धाकट्या बहिणीला आंघोळ शिकवायचं काम आईनं माझ्यावर सोपवलं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि ती नऊ. ती आपणहून बोलायची नाही. दुसऱ्याचं बोलणं मात्र त्याच सुरात जसंच्या तसं परत करायची. आज तिला स्वमग्न म्हटलं असतं. तेव्हा आमच्या जठारपेठेत ‘पोरगी जराशी येगळी हाये’ एवढ्यावर भागायचं.

आईची रीत ठरलेली. एक काम, एक वाक्य, रोज तेच. मी मोरीच्या दाराशी उभी राहून म्हणायची, “लोटा भर. डोक्शावर ओत. साबन लाव. पाय घास.” धाकटी ते म्हणत म्हणत करायची. पंधरा दिवसांत गाडी साबणापर्यंत पोचली आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटू लागला.

एका सकाळी नेमकं साबण आणि पाय यांच्या मधे दूधवाला आला. आई आतून ओरडली, “दुधात पानी कमी टाकत जा ना भाऊ!”

दुसऱ्या दिवशी धाकटीनं साबण लावला, आईच्या आवाजात दूधवाल्याला दटावलं आणि मगच पाय घासले. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, “ते नाही म्हणायचं.” तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा लोटा भरण्यापासून सुरुवात केली. बादली संपली. मी हात टेकले.

आठवडाभर सोसून दूधवाला चिडला. “कावून वो बाई, तुमची पोरगी मले रोज साऱ्या गल्लीसमोर चोर ठरवून राहिली!” आईनं त्याला सगळं समजावलं. माणूस भला. दुसऱ्या दिवशी मोरीतून आवाज येताच त्यानं अंगणातून उत्तर दिलं, “नाई टाकत वं माय!” धाकटी खुदकन हसली आणि पाय घासू लागली. झालं! आता ते उत्तरही आंघोळीत धरलं गेलं.

मग एकदा तो लेकीकडे बार्शीटाकळीला गेला. धाकटी साबण फासून बसून राहिली. दोनदा ओरडली. मी उत्तर दिलं, आईनं दिलं. तिला पुरुषाचाच आवाज हवा होता. वडील कचेरीत कारकून, मोजकं बोलणारे, कोट-टोपी चढवून निघालेले.

“तुमी म्हना,” आई म्हणाली.

“मी का दूधवाला हावो?”

“पोरगी काकडून राहिली.”

वडील अंगणात गेले, घसा खाकरला आणि ओरडले, “नाई टाकत वं माय!” आत पाय घासल्याचा आवाज आला. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, “भाऊ, तुमी कधीपासून दूध विकून राहिले?” वडिलांनी सायकल काढली ती थेट कचेरीतच थांबवली असेल.

उन्हाळ्यापर्यंत धाकटी एकटीनं आंघोळ करू लागली. एक दिवस तर ती फ्रॉकही स्वतः घालून बाहेर आली. सगळी बटणं एकेक काज चुकलेली, एक खांदा वर, एक खाली. मी नीट करायला पुढे झाले, तर आईनं माझा हात धरला.

“राहू दे. तिनं लावले हायेत.”

दिवसभर धाकटी तशीच हिंडली, आणि आई येईल त्याला बोलावून दाखवत होती.